निनाद-रेवतीचा साखरपुडा

चौगुले मंगल कार्यालयाच्या दारावर झेंडूच्या फुलांत लिहिलं होतं, 'निनाद आणि रेवती'. मी गाडीतून उतरले, वाचलं आणि मनात म्हटलं, छान नावं आहेत. मग लक्षात आलं, ती मीच ठेवली आहेत.

"चल लवकर," आठल्ये सर म्हणाले. "दहाला मगदूममामांना वेबसाइटचं पुढचं शिकवायला बसायचंय."

"सर, एक मिनिट."

"आत गेल्यावर बोल."

आत गेल्यावर बोलावं असं ते नव्हतं. पण सर तोवर पायऱ्या चढून गेले होते.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करून सांगलीच्या एका चार माणसांच्या सॉफ्टवेअर कंपनीत तपासनीस म्हणून लागले होते. संगणकाचं शिक्षण नव्हतं. मुलाखतीत आठल्ये सर म्हणाले होते, "प्रयोगशाळेतली माणसं शंकेखोर असतात. मला एक शंकेखोर माणूस हवंय." सहा महिन्यांची उमेदवारी होती आणि ती त्या महिनाअखेरीला संपणार होती. त्यानंतर मला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे सर ठरवणार होते.

सर पुण्याहून कामाची एक नवी पद्धत शिकून आले होते. काम दोन-दोन आठवड्यांच्या तुकड्यांत करायचं. रोज सकाळी दहा मिनिटं उभं राहून प्रत्येकाने सांगायचं, काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय. उभं अशासाठी की पाय दुखले म्हणजे भाषण आवरतं. भिंतीवरच्या फळ्यावर तीन रकाने होते, 'करायचं', 'चालू', 'झालं'. प्रत्येक कामाची एक पिवळी चिठ्ठी, ती डावीकडून उजवीकडे सरकत जायची. हातातली चिठ्ठी 'झालं'मध्ये गेल्याशिवाय दुसरी उचलायची नाही, हा नियम. मला नियम आवडतात. मी तो मोडला नव्हता.

आमचं मोठं काम म्हणजे चौगुले कार्यालयाची वेबसाइट. ती तौफिक लिहायचा, मी तपासायचे. लोकांनी घरबसल्या हॉल ठरवावा, पानं किती ते कळवावं, जेवणाचा बेत निवडावा. त्या साइटची एक हुबेहूब नक्कल आम्ही ऑफिसात ठेवली होती. मी लिहिलेला एक प्रोग्राम रोज सकाळी सातला आपोआप त्या नकलेवर जायचा, गिऱ्हाईक असल्यासारखा हॉल ठरवायचा, सगळं नीट चाललंय का बघायचा आणि शेवटी ठरवलेलं रद्द करून टाकायचा. तारीख नेहमी एकच, परवा.

माझ्याआधी हे काम बघणाऱ्याने गिऱ्हाइकाचं नाव 'कखग' ठेवलं होतं आणि पानं एक. मला ते पटेना. जिवाणू वाढतात की नाही हे बघायचं तर त्यांना जिवाणूंचं अन्न द्यावं लागतं, काहीतरी पांढरं फासून चालत नाही. मी दोन घराणी तयार केली. मुलगा निनाद, मुलगी रेवती. एकशे साठ पानं. 'विशेष सूचना' या चौकटीत मोठा मजकूर नीट मावतो का हे बघायला मी मनापासून बारा ओळी लिहिल्या होत्या.

आत जिलेबीचा वास भरला होता. दाराशी खुर्ची टाकून सुमनआक्का चौगुले बसल्या होत्या. कार्यालय त्यांचं. नवरा गेल्यापासून वीस वर्षं त्याच चालवत होत्या. शेजारी त्यांचे व्यवस्थापक मगदूममामा, वही छातीशी धरून.

"आज कार्य आहे वाटतं," सर म्हणाले.

"व्हय," आक्का म्हणाल्या. "साखरपुडा. पितृपक्षात. वीस वर्षांत या पंधरवड्यात कुलूप निघालं नव्हतं हॉलचं. तुमच्या वेबसाइटवरनं आलं."

सरांचा चेहरा असा उजळला की मला त्यांच्याकडे बघवेना. ते माझ्याकडे वळले. "बघ शलाका. मी म्हणत होतो की नाही? पंचांगाने अडवलेला धंदा आपण सोडवला."

पितृपक्ष. माझ्या प्रोग्रामला रविवार कळायचा, लीप वर्ष कळायचं. पितृपक्ष मी त्याला शिकवलाच नव्हता.

"मला पयल्यांदा शंका आली," मामा म्हणाले. "या दिवसांत कोण करतंय साखरपुडा? पण मग सूचना वाचल्या. बारा पानं बिनकांद्या-लसणाची. दोन आजोबांना साखर, म्हणून त्यांना जिलेबीऐवजी फळं. एका आजींना दात न्हाईत, भात मऊ, आणि त्यांना वाढताना उजव्या बाजूनं बोलायचं, डावा कान ऐकत न्हाई. सव्वीस वर्षांत अशी ऑर्डर बघितली न्हाई सायेब. म्हटलं, शिकलेली माणसं हैत, मानत नसतील पितृपक्ष."

"मी तर कौतुकच केलं," आक्का म्हणाल्या. "चार आचारी रिकामे बसले होते. पहाटेपासनं लागलेत. आजींसाठी मऊ भाताचं पातेलं येगळं चढवलंय."

खरं सांगायचं तर क्षणभर मला बरं वाटलं. त्या आजी माझ्या आवडत्या होत्या.

मी सरांची बाही धरून त्यांना खांबाआड नेलं.

"सर, निनाद आणि रेवती नाहीत."

"येतील की. आत्ता कुठे दहा वाजतायत."

"तसं नाही. ते जगातच नाहीत."

मी पुढचं शक्य तितक्या क्रमाने सांगितलं. शुक्रवारी दुपारी आक्का ऑफिसात आल्या होत्या. त्यांना चाचणी दाखवायची होती, आणि सर म्हणाले होते, नकलेवर नको, खऱ्या साइटवर चालवून दाखव, त्याशिवाय विश्वास बसत नाही. मी प्रोग्राममधला साइटचा पत्ता बदलला. चाचणी खऱ्या साइटवर चालली, साखरपुडा ठरला, मोडला, आक्का खूश झाल्या.

"ते मला आठवतंय," सर म्हणाले. "मग पत्ता परत बदललास ना?"

"'पत्ता पूर्ववत करणे' अशी चिठ्ठी लिहून 'करायचं'मध्ये लावली."

"लावली म्हणजे? एक ओळ तर बदलायची होती."

"माझ्या हातात दुसरी चिठ्ठी चालू होती, सर. ती संपल्याशिवाय नवी घ्यायची नाही."

सरांनी डोळे मिटले. नियम त्यांचाच होता.

"पण चाचणी शेवटी रद्द करते ना सगळं?"

"करते. पण जाताना आक्का म्हणाल्या होत्या, लोक ऐनवेळी कार्य रद्द करतात, ते बंद करा. तुम्ही म्हणालात, आजच होईल. तौफिकने संध्याकाळीच नियम घातला, तीन दिवसांच्या आत काही रद्द करता येणार नाही. शनिवारी सकाळी सातला चाचणीने सोमवारचा साखरपुडा ठरवला. मोडायला गेली, तर साइट म्हणाली, आता नाही."

"आणि ते आपल्याला कळलं नाही?"

"चाचणी नापास झाल्याची मेल आली असेल. ऑफिसच्या पेटीत. शनिवार-रविवार ती कोणी उघडत नाही." उरलेलं सांगणं भाग होतं. "रविवारीही ती सातला चालली, सर."

"म्हणजे?"

"उद्या परत साखरपुडा आहे."

"कोणाचा?"

"त्यांचाच. आणि आज सकाळच्या चाचणीचा परवा. मामांनी ते दोन्ही अजून बघितलेले दिसत नाहीत."

सरांनी खांबाला हात टेकला. आतून कोणीतरी ओरडून विचारलं, मठ्ठा आत्ताच ढवळू का पाहुणे आल्यावर. मामा म्हणाले, पाहुणे आल्यावर.

"ऐक," सर हळू आवाजात म्हणाले. "काही बोलू नकोस. कोणीतरी खोडसाळपणा केला असं होईल. नेटवर होतात असले प्रकार. आणि बुकिंग आलं की फोन करून खात्री करायचं काम मामांचं आहे. त्यांनी तशी टिकही केलीय, ही बघ मोबाइलवर. टिक केली म्हणजे जबाबदारी त्यांची."

"पण मामांनी फोन केला नसेल तर टिक कशी केली?"

"लोक करतात टिक. न वाचता करतात. शलाका, हे एक गिऱ्हाईक गेलं तर आपण चौघं काय करणार आहोत? तौफिकच्या घरी काय परिस्थिती आहे माहितीय ना? आणि तुझा हा महिना कोणता आहे, ते मी सांगायला हवं का?"

सर वाईट माणूस नव्हते. एवढंच की त्यांना कुणालाच नकार देता यायचा नाही, आणि मग त्यांनी दिलेले होकार आम्ही सगळे निस्तरत बसायचो. मी मागच्या रांगेतल्या एका खुर्चीत जाऊन बसले.

साडेदहा झाले. पावणेअकरा झाले. पेढ्यांचं तबक समोर ठेवून गुरुजी दोनदा घड्याळ बघून बाहेर जाऊन आले. अकराला आक्का खुर्चीतून उठल्या.

"मगदूम."

"जी आक्का."

"फोन केलतास का पाहुण्यांना?"

"केलता. शनवारीच केलता."

"मग पाहुणे कुठंयत?"

"सिस्टिममध्ये टिक दिसतेय खरी," सर म्हणाले. आवाज मऊ होता. "पण टिक काय, चुकून होऊ शकते. वयाप्रमाणे होतं माणसाचं."

मामांनी सरांकडे बघितलं, मग आक्कांकडे. "म्या फोन केलता."

"गेल्या महिन्यात पाटलांच्या बारशाला तारीख चुकलास," आक्का म्हणाल्या. त्या ओरडत नव्हत्या, ते जास्त वाईट होतं. "त्याच्याआधी मंडपवाल्याला दुसऱ्या हॉलवर धाडलास. मी कुणाला बोलले न्हाई. म्हटलं, नजर कमी झालीय. म्हणून तर हे संगणकाचं आणलं, की तुझ्यावरचा भार उतरावा. आता पहाटेपासनं माणसं राबलीत आणि दारात कुत्रं न्हाई. सव्वीस वर्षं केलंस, पुष्कळ केलंस. किल्ल्या ठेव इथं आणि घरी बस आता."

मामांनी कमरेच्या जुडग्याला हात घातला. तो लवकर निघेना, करगोट्यात अडकला होता. ते मान खाली घालून गाठ सोडवत राहिले. मला वाटतं, ती गाठ पटकन सुटली असती तर मी बोलले नसते.

"आक्का, मामांची चूक नाही," मी म्हणाले. "हे पाहुणे मी तयार केलेत."

"तयार केलेत म्हणजे?"

मी सांगितलं. सरांचं नाव मध्ये न आणता सांगायचा प्रयत्न केला, त्यामुळे गोष्ट थोडी लंगडली, पण पोचली. आचारी दारात येऊन उभे राहिले होते. 

"म्हणजे त्या आजी?" एका आचाऱ्याने विचारलं.

"त्याही नाहीत."

"मऊ भात झालाय हो," तो म्हणाला आणि आत गेला.

आक्कांनी चष्मा काढून पदराने पुसला. "तू शुक्रवारची पोरगी ना? मला दाखवलंस ते?"

"हो. पत्ता बदलायचा राहिला. चूक माझी आहे. मामांनी फोन केला असेल किंवा नसेल, तिकडे उचलायला कोणी नव्हतंच."

"असं कसं?" मामा एकदम ताठ झाले. दोषी ठरवलं तेव्हा जे सहन केलं, ते आता त्यांना सहन होईना. "उचलला की. सायबानं उचलला. म्हटलं, हॉलवरनं बोलतोय, सोमवारचं नक्की ना? म्हणाले, नक्की. म्हटलं, एकशे साठ? म्हणाले, हो हो, एकशे साठ. म्हटलं, काही बदल असंल तर आत्ताच सांगा. म्हणाले, काळजी करू नका, सगळं ठरल्याप्रमाणे. म्या वेळसुदिक लिहिलीय."

"मामा, नसलेला माणूस कसा बोलेल?" सर म्हणाले.

मामा टेबलाशी गेले. वही उघडली, बोट ओळीवर ठेवलं आणि कार्यालयाच्या फोनवरून एकेक आकडा दाबला.

सरांच्या खिशात फोन वाजला.

सरांनी सवयीने काढून कानाला लावला. "हॅलो, बोला," ते म्हणाले, आणि तेच शब्द त्यांना पाच पावलांवरच्या मामांच्या रिसीव्हरमधून ऐकू आले.

"ह्योच आवाज," मामा म्हणाले.

आणि तेव्हा मला आठवलं. अर्जात मोबाइल नंबर चालू असलेलाच लागायचा. चार महिन्यांपूर्वी मी सरांना विचारलं होतं, कोणता घालू. ते म्हणाले होते, माझा जुना घाल, त्यावर कोण करतंय फोन. मी घातला, चाचणी पास झाली, आणि त्या नंबराचा मी परत विचार केला नाही.

"तुम्ही शनवारी फोन उचललात?" आक्कांनी विचारलं.

"गाडी चालवत होतो," सर म्हणाले. "हॉलवरून बोलतोय म्हणाले, सोमवारचं. मला वाटलं आजच्या शिकवण्याचं विचारतायत."

"एकशे साठ माणसांना शिकवणार होता?"

सरांनी फोन खिशात ठेवला. त्यांच्याकडे दोन-तीन उत्तरं तयार असावीत. एकेक करून त्यांनी ती बाजूला ठेवलेली मला दिसत होती.

"खरं सांगू?" ते शेवटी म्हणाले. "मी ऐकलंच नव्हतं. गिऱ्हाइकाचा फोन आला की मी हो म्हणतो."

आक्कांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतायत. खांदे हलत होते. मग तोंडावरचा पदर सुटला आणि त्या मोठ्याने हसायला लागल्या. मामा हसले नाहीत. ते किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन उभे होते, कमरेला लावावा की टेबलावर ठेवावा हे न ठरवता.

"लाव तो परत," आक्का त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या. "आणि नर्सिंगच्या वसतिगृहाचा नंबर काढ."

वसतिगृह दोन गल्ल्या सोडून होतं. आक्का स्वतः बोलल्या. "सिस्टर, पोरींना जेवायला पाठवा. सगळ्यांना. जिलेबी हाय. कशाचं? पितृपक्ष हाय न्हवं, आमच्या आईंच्या नावानं समजा. न्हाई, कावळ्याचं आमचं आम्ही बघतो."

तोवर मी तौफिकला फोन लावला होता. उद्याचे आणि परवाचे साखरपुडे तरी मोडायला हवे होते.

"रद्द होत नाहीये," मी म्हणाले. "साइट म्हणते, तीन दिवसांच्या आत नाही."

"बरोबर आहे."

"तौफिक, तो नियम तूच लिहिलायस. काढ."

"म्हणजे चालतोय ना नीट?" तो म्हणाला. "मला जरा शंका होती. तपासला नव्हता."

साडेबाराला मुली आल्या, पांढऱ्या कपड्यांत, रांगेने. दारावरची नावं वाचून नवरा-नवरी कुठे आहेत म्हणून शोधत होत्या. आक्कांनी सांगून टाकलं, पळून गेले. त्यावर मुलींमध्ये बराच आनंद पसरला. गुरुजींनी एक पंगत बसल्यावर आपलंही पान मांडून घेतलं. आक्कांनी सरांच्या हातात जिलेबीचं ताट दिलं आणि म्हणाल्या, "वाढा. कुणी हो म्हटलं की आणखी एक. कुणी नको म्हटलं, तर नको." सर तिन्ही पंगतींना वाढत होते. शर्टाच्या बाहीवर पाक सांडला तरी थांबले नाहीत.

मी पानं मोजली. एकशे सत्तेचाळीस झाली. बिनकांद्या-लसणाची बारा वेगळी होती, ती कोणीच मागितली नाहीत. मऊ भाताचं पातेलं वसतिगृहाच्या जुन्या मेट्रननी संपवलं. त्यांची दाढ दुखत होती.

मामा शेवटच्या पंगतीलाही बसेनात. सगळं उरकल्यावर आक्का स्वतः पान घेऊन त्यांच्या टेबलाशी आल्या.

"जेव."

"भूक न्हाई."

"मगदूम, जेव. आणि उद्या नऊला ये."

"उद्या कार्य न्हाई."

"तरी ये. पाटलांच्या बारशाचं मी बोलायला नको होतं एवढ्या माणसांत."

मामांनी पान पुढे ओढलं. दोन घास झाल्यावर त्यांनी मला हाताने बोलावलं. "पोरी, त्या आजी," ते म्हणाले. "डाव्या कानानं ऐकू येत न्हाई म्हणून लिवलंस, ते का?"

"चौकट मोठी होती मामा. भरायची होती."

"आसं," ते म्हणाले आणि पुढचा घास घेतला. मला वाटतं, त्यांची थोडी निराशा झाली.

परतताना चार वाजून गेले होते. विश्रामबागेच्या चौकात सिग्नल लागला. मी महिनाअखेरीनंतर कुठे अर्ज करता येईल याची यादी मनात करत होते. मिरजेत दोन प्रयोगशाळा होत्या.

"तुला आठवत होतं?" सरांनी विचारलं. "नंबर माझा आहे ते."

"नाही. फोन वाजल्यावर आठवलं."

"आधी आठवलं असतं, तर माझं नाव आधी सांगितलं असतंस?"

मी नीट विचार केला. त्यांना दिलाशाचं उत्तर हवं होतं की खरं, ते कळायला मार्ग नव्हता, म्हणून खरं दिलं. "माझंच आधी सांगितलं असतं. पत्ता बदलायचा राहिला शुक्रवारी, फोन आला शनिवारी. क्रमाने माझी चूक आधी येते. तुमची दुसरी."

"पण सांगितली असतीस."

"हो."

सिग्नल सुटला. मागच्याने हॉर्न दिला तरी सरांनी गाडी लगेच काढली नाही.

"कायम करायचं पत्र असतं एक," ते म्हणाले. "नमुना माझ्या टेबलाच्या खणात आहे. उद्या सकाळी टाइप कर, मी सही करतो."

"माझंच पत्र मी टाइप करू?"

"कर. पण तपासायला तौफिककडे दे."

मी दिलं. तौफिकने दोन चुका काढल्या.